दोन ओले कप

तुम्ही हसाल, पण माझी बायको सुनंदा गेली, त्यानंतर घरात चोर येतो असा मला संशय होता. शाळेतून परतलो की ओट्यावर दोन कप ओले असायचे आणि डब्यातली चहापत्ती उतरलेली. घराची दुसरी किल्ली फक्त शेजारच्या शमीमभाभींकडे. ती परत मागायचीच, असं ठरवून एका दुपारी लवकर आलो. भाभी एकट्याच मालिका पाहत बसल्या होत्या आणि समोर दोन कप.

"दुसरा कोणाचा?"

"सुनंदाचा. आमी दोघी रोज इथंच पाह्यत होतो ना भाऊ. घरी एकटीले करमत नाही. थंडा झाला का मीच पिते."

किल्ली मागायचं सोडून मी तिथंच बसलो.

"पण पत्ती बदला," भाभी म्हणाल्या. "हे तिले चालली नसती."