आरशातून ओळखलेला चेहरा

आता हे ऐका अन् हसा. देवळीच्या माझ्या दुकानात मी टी-शर्टवर फोटो छापतो आणि दुपारी चार-पाच जणांना ते शिकवतोही. मी स्वतः बटणं दाबत दाबतच शिकलो. कागदावर फोटो उलटा काढला, की कापडावर सुलटा उमटतो. मागच्या महिन्यात धड्यासाठी कॉम्प्युटरमधला माझाच एक फोटो उघडला.

शिकायला समोरचे सलूनवाले गजाननभाऊही येतात. तीस वर्षं माझे केस तेच कापतात. पडद्यावर पाहून म्हणाले, "हे तुम्ही नाई, शेठ."

"मंग काय माहा साडू आहे?"

सगळे हसले. मी बटण दाबलं, चेहरा डावा-उजवा पलटला.

"हां! आता आले तुम्ही. मी तुमाले आरशातच पाहतो ना."

पुन्हा हशा. मग ते पडद्याजवळ वाकले. "पण फोटो जुना आहे. वहिनी होत्या तवाचा."

"काऊन म्हणता?"

"आता तुमचा एक डोळा बारीक झाला, शेठ. त्या गेल्यापासून."

मुलगा दर रविवारी पुण्याहून व्हिडिओ कॉल करतो आणि म्हणतो, "बाबा, मस्त दिसता." त्याला हे दिसलं नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही नाही.

तेव्हापासून मी घरी दाढी करणं सोडलं. एक दिवसाआड सलूनमध्ये जातो. दाढी काही एवढी वाढलेली नसते. तरी गजाननभाऊ खुर्ची पुसतात आणि म्हणतात, "बसा शेठ, निवांत बसा."