वळणावरच्या बाई

देवाच्या डोंगराखालच्या नळावर हात धुवायला रांग होती. माझ्यापुढे कॉलेजच्या दोन मुली, वाटेवरच्या कचऱ्याची गच्च पोती घेऊन.

“मेले गं मी! सकाळी वरच्या वळणावर त्या बाई भेटल्या ना, बिस्किटाचा कागद टाकणाऱ्या?”

“ज्यांना तू म्हणालीस, देवाला कचरा वाहायला आलात का?”

“त्याच. कागद तर उचलायला लावलाच, वर एक पोतं खालपर्यंत आणायला लावलं.”

“मग बिघडलं काय?”

“आत्ता ताईचा फोन आला. त्या तिच्या होणाऱ्या सासूबाई आहेत!”

“अगं बाई! आणि तू ओळखलं नाहीस?”

“आमची भेट कुठे झालीय अजून? त्यांनी माझ्या ओळखपत्रावरचं आडनाव वाचलं आणि थेट ताईलाच फोन लावला.”

“संपलं. मोडलं लग्न?”

“त्यांनी विचारलं, तुमच्या घरात सगळ्या अशाच का?”

“ताई काय म्हणाली?”

“म्हणाली, धाकटी त्यातल्या त्यात गरीब आहे.”

“हसत काय बसलीस, पुढे सांग ना!”

“सासूबाई म्हणाल्या, मग लग्न महिनाभर अलीकडेच घेऊ. आमचा मुलगा रोज ओला टॉवेल पलंगावर टाकतो, माझं तर मेला ऐकतच नाही!”