रॉकेल आणि खडू

(महापे औद्योगिक वसाहतीतला एक गाळा. भरदुपार. क्रांती तुटलेले ओतीव भाग दुरुस्त करते. हितेश तिचं गिऱ्हाईक. टेबलावर जुन्या फियाटच्या स्टिअरिंग बॉक्सचं बिडाचं कवच.)

हितेश: जोड बसलाय ना, मॅडम? मला दिसतोय. मग आता हे रॉकेल कशाला पाजताय त्याला?

क्रांती: जोड दिसतो, म्हणून तो बसला, हे अनुमान घाईचं आहे. काल मी हे कवच तापवलं, निकेलच्या कांडीनं थोडं थोडं करून जोडलं आणि रात्रभर चुन्याच्या भुकटीत पुरून सावकाश निवू दिलं. इथवर माझं काम. ते नीट झालं की नाही, हे मी सांगणं बरं नव्हे. रॉकेल सांगेल.

हितेश: रॉकेल काय सांगनार?

क्रांती: केसाएवढी फट असली, तरी रॉकेल तीत शिरतं. मग वरून कोरडं पुसायचं, खडूची पूड भुरभुरायची आणि वाट पाहायची. आत राहिलेलं रॉकेल खडूत झिरपतं आणि फट जिथून जाते, तिथे ओली रेघ उमटते. नाही उमटली, तर खुशाल घेऊन जा.

हितेश: किती टाइम?

क्रांती: तुम्ही येरझाऱ्या घालणं थांबवलंत, तर कमी वाटेल. बसा त्या स्टुलावर.

हितेश: बसवत नाय. बहीन निघालीय. गाडी बाहेर उभी, फिटर बोनेट उघडून मोबाइल बघतोय आनि तुमी इथं खडू उधळताय.

क्रांती: बहीण आली, तर चहा घेईल. चहाला कुणी नाही म्हणत नाही.

हितेश: चहाचं नाय हो. उद्या सकाळी सह्या हायत. बाबांची जमीन सरकारनं घेतली, तिच्या बदल्यात साडेबारा टक्क्यांचा भूखंड आला, खांदेश्वरच्या बाजूला. बाबा गेले. आता तो बिल्डरला द्यायचाय. आईची सही, माझी सही आनि जागृतीचं हक्कसोड. बिल्डर बोलला, उद्या झालं तर झालं, नायतर मी बाजूवाल्यांचा घेतो. त्यांचे कागद तयारच हायत.

क्रांती: आणि हक्क सोडायचा, तर बहिणीला काय मिळणार?

हितेश: मी फ्लॅट देतो बोललो. तिला नको. ती बोलली, बाबांची फियाट दे. टेम्पोवर टाकून पाठवलेली चालनार नाय, चालती दे. आज मी माझ्या हातानं उरणला सासरी नेईन, उद्या त्याच गाडीनं सही करायला येईन. गाडी नाय, तर सही नाय.

क्रांती: भूखंडाच्या बदल्यात ही गाडी. तुमच्या बहिणीचं गणित कच्चं आहे, किंवा ते मला समजलेलं नाही.

हितेश: बाबांनी मला मिसरूड फुटायच्या आधी चाक दिलं. तिला कायम मागची सीट. लग्नानंतर ती सासरी क्लास लावून शिकली, लायसन काढलं, बाबांना दाखवायला घेऊन आली. बाबा बोलले, छान, कपाटात ठेव.

क्रांती: समजलं. म्हणजे गणित पक्कं आहे. आणि अशी ही गाडी देण्याच्या आठवड्यात तुम्ही तिच्या पुढच्या चाकांना साखळी बांधून क्रेननं ओढून आणलीत.

हितेश: क्रेनवाला बोलला, काय होत नाय.

क्रांती: तो बरोबरच बोलला. त्याच्या क्रेनला काही झालं नाही. आता जरा बाजूला व्हा, माझा उजेड अडवताय.

हितेश: काय झालं? बोला ना.

क्रांती: जोड कोरडा आहे.

हितेश: बघा! म्हनून बोलत होतो. द्या, फिटरला देतो.

क्रांती: मी जोड कोरडा म्हणाले. कवच कोरडं, असं म्हणाले नाही. हा मधला कान पाहा, ज्यातून बोल्ट जातो तो. त्याच्या मुळाशी.

हितेश: केस पडलाय कुनाचा तरी.

क्रांती: उचला मग.

हितेश: नखात येत नाय.

क्रांती: नाही ना उचलत? तो तडा आहे. कानापासून निघून आत बेअरिंगच्या बैठकीकडे गेला आहे.

हितेश: तुमी तापवलंत, म्हनून गेला असंल.

क्रांती: शंका रास्त आहे आणि ती मी आधी माझ्यावरच घेतली. पण तड्याच्या तोंडाशी जुनं काळं तेल आहे. माझा तडा असता, तर धातू चकचकीत दिसला असता. हा कैक वर्षांचा आहे.

हितेश: बरोबर! कैक वर्षांचा. म्हंजे बाबा असाच घेऊन फिरत होते. त्यांना काय झालं नाय.

क्रांती: तुमचे बाबा सुखरूप राहिले, हे या तड्याचं प्रशस्तिपत्र नव्हे. क्रेनच्या एका हिसक्यानं शेजारचा कान तुटला. तो हिसका यालाही बसला आहे.

हितेश: मग यालापन जोडा.

क्रांती: तोंडाशी जोडता येईल, आत बैठकीपर्यंत माझी कांडी पोचत नाही. वरून जोडून दिलं, तर फक्त आपल्याला बरं वाटेल. हे कवच नवं ओतून घ्यावं लागेल. माझ्या भावाची कोल्हापूरला फाउंड्री आहे. नमुना आजच पाठवते. दहा-बारा दिवस.

हितेश: माझ्याकडं आजचा दिवस हाय. ऐका, मॅडम. एक फेरी. आज हळूहळू उरणला, उद्या हळूहळू परत. सही झाली, की मी स्वतः गाडी तुमच्या दारात आनून टाकतो.

क्रांती: आणि त्या फेरीत चाक कुणाच्या हातात?

हितेश: तिच्या.

क्रांती: रस्ता कुठला?

हितेश: तुमाला माहीत हाय कुठला.

क्रांती: माहीत आहे. कंटेनरच्या ट्रेलरांचा. म्हणून विचारलं.

हितेश: तो खडू पुसा, मॅडम.

क्रांती: तुम्हीच पुसा. फडकं हे राहिलं. पण तडा बिडात आहे, खडूत नाही. मी हे गाडीवर चढवणार नाही. वस्तू मात्र तुमची आहे, घेऊन जायला मी तुम्हांला अडवू शकत नाही. फिटरला दिलीत, तर तो निमूट बसवेल.

हितेश: म्हंजे सगळं माझ्या डोक्यावर.

क्रांती: ते आधीपासूनच होतं. बाहेर रिक्षा थांबली. बहीण असावी तुमची.

जागृती: दादा, किती शोधला हा गाळा. रिक्षावाला दोनदा चुकला, वर मलाच बोलतो, पत्ता नीट सांगा. झाली ना गाडी?

हितेश: जोड बसलाय.

जागृती: मग चावी दे. आईला सांगून आलीय, जाताना तिला पुढच्या सीटवर घेते आनि उरणला नेते. ती सकाळपासनं नवं लुगडं नेसून ओट्यावर बसलीय, कुनाला उठवू देत नाय. आनि तू असा चेहरा करू नको. उद्या येते मी, करते सही. मॅडम, तुमच्यामुळं झालं हे.

क्रांती: माझ्यामुळे काय झालं, ते तुमचे भाऊ सांगतील.

जागृती: काय रे?

हितेश: चावी फिटरकडं हाय.

जागृती: घेते मी त्याच्याकडून.

हितेश: जागृती, थांब. इकडं ये. ह्या पांढऱ्यावर काय दिसतंय?

जागृती: खडू. शाळा भरवलीय काय?

हितेश: खाली बघ. कानाच्या मुळाशी.

जागृती: जरा ओलं झालंय.

हितेश: तडा हाय तो. हे तुटलं, तर चाक नुसतं हातात फिरंल आनि गाडी जायची तिकडं जाईल.

जागृती: मला कळलंच नसतं.

हितेश: माहीत हाय.

जागृती: मग आता?

हितेश: नवं ओतून येतंय कोल्हापूरवरनं. तोवर गाडी इथंच.

जागृती: आनि बिल्डर? थांबनार हाय तो?

हितेश: नाय.

जागृती: उद्याच्या सहीचं मला आत्ता विचारू नको, दादा. मला घरी बोलावं लागेल.

हितेश: मी विचारलं काय?

जागृती: नाय विचारलंस. ...आईला पन तूच सांग मग. मी नाय सांगनार.

हितेश: सांगतो, आज गाडी नाय झाली.

जागृती: ती उद्या परत लुगडं नेसून बसंल.

हितेश: मग उद्या परत सांगीन.