उजवा पाय पुढे

फिजिओथेरपीच्या दवाखान्यात नंबर लावून बसलेल्या शिक्षिकाबाईंच्या कानावर शेजारचं बोलणं पडत होतं. एक साठीचे गृहस्थ आणि घोटा बांधलेली एक मुलगी.

"काका, या वयात स्नोबोर्डवर उभं राहून बर्फावरून घसरणार?"

"बर्फ पडायला दोन महिने आहेत. तोवर पाय तयार करतोय."

"गुडघा तर पार सुजवलात की!"

"रोज उजवा पाय पुढे ठेवून दोनशे बैठका मारतो."

"डावा ठेवून बघा."

"डावा मला सोपाच जातो गं. पण बोर्डवरचे पाय अडकवायचे पट्टे उजवा पुढे धरून बसवलेत."

"मग स्क्रू काढून फिरवून घ्या. पाच मिनिटांचं तर काम."

"ते माझ्या लेकाने आवळलेत. गेला, त्याच्या आदल्या संध्याकाळी."

मुलगी घोट्याची पट्टी सारखी करत राहिली.

"मग उद्यापासून शंभरच मारा, काका."

"बरं. पण उजवाच पुढे."