सुटे सुटे ठेव, चिकटू देऊ नकोस!

...आणि वर मलाच म्हणते, "सुटे सुटे ठेव, चिकटू देऊ नकोस!" अहो, काय चिकटू देऊ नको? तर गाजराचे तुकडे! तुम्हाला सांगतो, पन्नाशी उलटलेला माणूस मी, शिलाईच्या दुकानात जन्मभर कापड बेततोय, साहेबलोकांचे कोट माझ्या कात्रीखालून गेलेत, आणि मला माझी थोरली बहीण फोनवरून शिकवतेय, ट्रेमध्ये गाजरं कशी मांडायची!

झालं काय, ताई रविवारी जेवायला येणार होती. तुम्ही म्हणाल, यात काय मोठंसं? अहो, आई गेल्यापासून ताई या घरात जेवलेली नाही. भांडण नाही हो! भांडण असतं तर बरं झालं असतं, भांडायला तरी आली असती! पण कधी तिचा गुडघा, कधी तिचे जावई, कधी बस चुकली... आणि परवा एकदम फोन. "रविवारी येते रे. मुख्य जेवण मी करून आणते, तू फक्त तोंडी लावणं कर." म्हटलं, फक्त? "तुला झेपेल तेवढंच सांगतेय बाबा. आई असताना सूप केलं होतंस, ते सुरीनं कापून खाल्लं आम्ही!"

असो. गाजर, रताळं, कांदा. तेल, मीठ, मिरपूड, वरून मध. ओव्हनमध्ये ठेवायचं आणि गोड-खारट, खरपूस असं काहीतरी बाहेर काढायचं. ओव्हनही तिनंच दिलेला. "एकटा आहेस, सोय होईल." कपाटाएवढा ओव्हन! एकट्याची सोय!

गेलो भाजीवालीकडे. आता हिच्याकडून मी एरवी काय घेतो? एक गाजर. एक! ती ते तागडीत टाकतसुद्धा नाही, गाजराकडे बघते, माझ्याकडे बघते आणि अंदाजानं पैसे सांगते. त्या दिवशी मी पिशवीभर मागितल्यावर केवढ्यानं ओरडली, "काय काका, लग्नबिग्न केलंत की काय?" मागच्या बायका फिदीफिदी! मीही छाती काढून म्हणालो, "बहीण येतेय." चारचौघांत असं काही सांगायला मिळालं की काय ऐट येते हो आवाजाला!

घरी आलो, टेप काढली. हसू नका! सगळे तुकडे एका मापाचे हवेत, हे ताईचंच म्हणणं. रताळ्यावर खडूनं रेघा मारल्या. धुतला हो नंतर खडू! आणि भाज्या भाजल्यावर आक्रसतात, हे ऐकून होतो. मग काय, कापड आटेल म्हणून आम्ही कडेला जास्तीचं सोडतो, माया म्हणतो आम्ही तिला, तशी मी एकेका तुकड्याला माया सोडली. ऐसपैस! ट्रे असा गच्च भरला की वर मिरपूड टाकायला जागा नाही. मग घातला आत, बसलो वाट बघत, उघडून बघतो तर... पाणी! भाज्या भाजल्याच नव्हत्या, उकडल्या होत्या. आजाऱ्याला भरवतात ना, तसलं काहीतरी.

लावला फोन. "ताई, हे लिबलिबीत झालंय गं."

"गर्दी केलीस ना? अरे, दाटीनं ठेवलं की एकमेकांच्या वाफेत मऊ पडतात ते. सुटे सुटे ठेव, चिकटू देऊ नकोस! मग बघ कसे खरपूस होतात."

आता मला सांगा, सुटं राहून खरपूस होत असतं, तर मी एव्हाना काय झालो असतो? तीन खोल्यांत सुटा पडलोय मी! एकाही अंगानं कुणाला चिकटलेलो नाही! कुठाय खरपूसपणा? कडा तेवढ्या करपल्यात!

पण ऐकलं. पिशवीत उरलेल्या भाज्यांचे पुन्हा तुकडे केले, लहान लहान, बोटबोटभर अंतरावर मांडले. ओव्हनमध्ये कांद्याचा एक तुकडा घसरून गाजराला टेकला, तर दार उघडून चिमट्यानं बाजूला केला. "हो बाजूला! ताईनं बघितलं तर?" या घरात इतकं बोलणं कितीतरी दिवसांत झालं नव्हतं हो. आणि काय रंग आला म्हणता! मध उकळून कडांना चढला, वास पार जिन्यात गेला, वरचे आजोबा खाली डोकावून गेले. मी टेबल पुसलं. आईच्या खुर्चीवर दुकानातल्या शर्टांचा ढीग असतो, तो उचलला. दोन ताटल्या मांडल्या.

आणि फोन वाजला. "अरे, ऐक ना..."

'ऐक ना' म्हणाली की समजायचं.

"जावयांचे आईवडील आलेत रे अचानक. केलं होतं ते त्यांनाच वाढलं. पुढच्या रविवारी नक्की हं?"

म्हटलं, "अगं, असू दे. मलाही दुकानात जायचंच होतं." रविवारी! दुकानाला कुलूप असतं रविवारी, तिलाही ठाऊक आहे. पण तीही म्हणाली, "हो का? बरं झालं मग."

मग म्हणते, "फोटो तरी पाठव." आता ते लांब लांब ठेवलेले तुकडे निवतात हो पटापट. म्हणून मी उलथन्यानं सगळे मधोमध गोळा केले, ढीग केला, जरा ऊब राहील म्हणून. फोटो पाठवला. लगेच फोन!

"अरे, हे काय? सगळे एकावर एक? किती वेळा सांगितलं तुला, सुटे सुटे ठेव..."

"चिकटू देऊ नकोस. माहितीये ताई. भाजायचे होते तोवर ठेवले गं सुटे. आता भाजून झालेत. आता बसू देत चिकटून."

मग नाक ओढल्यासारखा आवाज आला आणि म्हणाली, "गार व्हायच्या आत खा."

खाल्ले. तोंडी लावणंच ते, लावायला दुसरं काही नव्हतं, म्हणून नुसतंच खाल्लं. चांगलं झालं होतं हो! कुणाला सांगू?

सोमवारी भाजीवाली लांबूनच ओरडली, "काय काका, आवडलं का बहिणीला?"

"फार!" म्हटलं.

"मग आज किती देऊ?"

...एकच द्या. वजन नका करू.