पाइपावरची पायवाट

— नाही नाही, तिकडे नको खणूस, मैल्याच्या टाकीचं झाकण इकडे आहे, या बर्चच्या झाडापासून नऊ पावलं, माझी मोजलेली. तो नकाशा ठेव खिशात. ही टाकी पुरली तेव्हा तू जन्मलाही नव्हतास, रॉडनी. माझा नवरा आर्वो खणत होता आणि पाइपाचा उतार मी लावत होते — हो, मीच. शाळा माझी आठवीत सुटली, पण वाचनालयातून पुस्तक आणलं, चार वेळा वाचलं, आणि फुटाला पाव इंच उतार काढला तो काढला. तेव्हा ‘मावशी, पाइप मधे कुठेतरी खचला असेल’ हे मघाशी म्हणालास ते म्हणालास, पुन्हा म्हणू नकोस. पन्नास हिवाळे झाले, एकदा तुंबला नाही. आता तीन दिवस मी बादली घेऊन बसतेय, या वयात, शून्याखाली अठ्ठावीस असताना — जाऊ दे, ते तुला कशाला सांगायचं. सोड ती गरम पाण्याची नळी आत.

काय? नळ ठिबकत ठेवला होता का? मी? रेडिओवाला सांगतो बारीक धार सोडून ठेवा, अख्खा गाव सोडतो, ती धार पाइपात थरावर थर गोठत जाते आणि मग तुला फोन. मला ते कळतं. नाही ठेवला. पाणी कमी वापरते, ते कबूल — पण एका बाईला लागतं किती? एक ताटली, एक कप. कपडे पंधरा दिवसांनी. सॉना? त्या वाफेच्या न्हाणीचं पाणी त्याच पाइपात जातं, हो, भिंतीपाशीच मिळतं. दर शनिवारी तापवायची. बादल्याच्या बादल्या कढत पाणी. ... ऑक्टोबरपासून नाही तापवली. एकटीसाठी एवढी लाकडं कोण जाळतं? आणि पाठ कोण चोळणार, भिंत?

आणि हे बघ, मार्लीनला यातलं काही कळता कामा नये. तुझ्याच वर्गातली ना ती — तुझी बायको अजून फोनवर बोलते तिच्याशी, मला माहीत आहे. माझ्या या लेकीनं माझ्याकडून शब्द घेतलाय. या हिवाळ्यात घरात एक जरी काही गोठलं, तर घर विकायचं आणि डुलुथ शहरात यायचं, तिच्याच बिल्डिंगमधे, चौथ्या मजल्यावर. मी दिला शब्द. मला काय माहीत असं होईल. चौथ्या मजल्यावर माणूस करतं काय रे? खिडकीतून गाड्या बघतं. तेव्हा बायकोला सांग, सायमा मावशीकडे कॉफी प्यायला गेलो होतो. खोटं नको असेल तर खरंच पिऊन जा, वेलदोड्याचा पाव आहे आत. कालचा आहे.

बर्फ लागला? किती फुटांवर? अठरा. मग उतारात चूक नाही, बघ. खचला असता तर — तिथे उभा राहून बुटानं काय टोकरतोयस? पायवाट आहे ती. फाटकापासून सॉनापर्यंत. हो, बर्फ मीच काढते. रोज सकाळी. माहीत आहे रे मला, पाइपावरचा बर्फ काढायचा नसतो, तीच त्याची गोधडी, उघडी जमीन गारठा थेट खाली उतरवते — मला शिकवू नकोस. चाळीस वर्षं उघडीच होती ही पायवाट, आणि गोठला कधी? शनिवारी दोघी बायकांचं कढत पाणी जायचं ना खालून ...

दोघी म्हणजे मी आणि सिल्वी. पलीकडच्या घरातली. पायरीवरून पडली, खुबा मोडला, ऑक्टोबरात नेली तिला वृद्धाश्रमात. आधीच लंगडायची, बर्फात तिचा पाय टिकत नसे, म्हणून मी जमिनीपर्यंत खरवडून ठेवायची. गेल्या महिन्यात भेटायला गेले तर मार्लीनचं नाव विसरली होती, आर्वो गेलाय हे विसरली होती. मला म्हणाली, “पायवाट काढलीस ना?” मी म्हटलं, काढली. आता तिच्याशी खोटं बोलू?

...

नळी बघ जरा. वाहतंय का? ऐकू येतंय मला, टाकीत पडतंय. चांगलं आहे. मग पुढे काय, पेंढा घालायचा आणि वर बर्फ? मांडीएवढा? आणि आज सॉना तापवायची. आज शनिवार नाही. असो, तापवीन.

पेंढा कोठीत आहे, दारामागे. नको, ते फावडं दे इकडे, तू टाकू नकोस, मी टाकते. तुझं काम झालं. कॉफी पुन्हा कधीतरी. फाटक ओढून घे जाताना — नाही, पायवाटेवरून नको आता. बाजूनं जा.