सासू, जावई आणि बटबट्या

(विधिमंडळाचं कँटीन. पलीकडच्या सभागृहात मतदानाची तयारी चालू आहे.)

जावई : ...आणि तुमचे पाटबंधारेमंत्री भर सभागृहात म्हणतात, "असल्या थोबाडाच्या माशासाठी धरण अडवायचं?" आई, थोबाड बघून संरक्षण द्यायचं ठरलं, तर तुमचं अर्धं मंत्रिमंडळ उघड्यावर पडेल.

सासूबाई : अर्धंच? जावईबापू, विरोधी पक्षात असून फार मवाळ हो तुम्ही. चहा घ्या, गार होतोय.

जावई : उतरत नाही घशाखाली. हा बटबट्या मासा त्या एका नदीत उरलाय. आज त्याला वाचवायचं विधेयक पडलं की धरण होणार आणि तो संपणार. आणि आपण इथे बिस्किटं बुडवत बसलोय!

सासूबाई : ठरलंय ना तसं? माझं मत धरणाला, तुमचं माशाला. दोघंही बाहेर बसलो की फिटंफाट. घरात शांतता.

जावई : कसली शांतता? तुमची लेक महिनाभर तुमचा फोन उचलत नाही. लग्नाआधीपासून त्या माशापायी कंबरभर पाण्यात उभी राहतेय. समितीपुढे सांगायला आली, तर अध्यक्ष कोण? सख्खी आई. तीनदा घंटा मारलीत तिला.

सासूबाई : वेळ संपली होती.

जावई : बाकीच्यांना नाही मारलीत.

सासूबाई : बाकीच्यांची मी आई नव्हते. तिला दोन मिनिटं जास्त दिली असती, तर दुसऱ्या दिवशी पेपरवाल्यांनी तिचं संशोधन सोडून माझं आईपण छापलं असतं. ...आलीय का ती?

जावई : वर गॅलरीत बसलीय. सकाळपासून पोटात काही नाही.

सासूबाई : बापावर गेलीय. हट्टीपणा उपाशीपोटीच जमतो त्या घराण्याला.

प्रतोद : बाई! अहो बाई, घात झाला! आपले दोघं फुटले. मला धरून डोकी मोजली तर बरोबरी होतेय, एका मताला अडलंय. उठा, चला!

सासूबाई : मी कशी येऊ? जावयाशी शब्द झालाय. पक्षातर्फे तूच ठरवून दिलास ना तो?

प्रतोद : शब्द गेला खड्ड्यात! मी पक्षाचा प्रतोद आहे. मतं गोळा करणं माझं काम, शब्द सांभाळणं नाही. मोडा तो करार.

सासूबाई : म्हणजे मोडला?

प्रतोद : मोडला, मोडला, मोडला!

सासूबाई : ऐकलंत, जावईबापू? मग बशी धरून काय बसलात? दुसऱ्या घंटेला दारं लागतात. पळा!

जावई : आई, पण तुम्ही...

सासूबाई : पळा म्हटलं ना!

प्रतोद : अहो, त्यांना कशाला पळवलंत?

सासूबाई : करार दोघांचा होता. अर्धा कसा मोडेल? चल, हात दे मला.

प्रतोद : लवकर, बाई, लवकर!

सासूबाई : हळू रे. गुडघे माझे आहेत, पक्षाचे नाहीत.

प्रतोद : बाई, घंटा!

सासूबाई : बहिरी नाही मी. थांब, चप्पल निघाली.

प्रतोद : राहू द्या चप्पल!

सासूबाई : अनवाणी जाऊ? सभागृहाचा काही मान आहे की नाही?

प्रतोद : माझा हात सोडा, मी तरी जातो!

सासूबाई : आणि मला इथे भुईवर आपटून? अरे, तुझ्या आईच्या वयाची मी!

प्रतोद : सोडा हो बाई... ए! ए शिपाई! दार लावू नकोस! थांब रे!

सासूबाई : लागलं वाटतं.

प्रतोद : तुम्ही... तुम्ही हे मुद्दाम केलंत.

सासूबाई : काय मुद्दाम? म्हातारपण?

प्रतोद : मंत्रिपद गेलं तुमचं. पुढच्या विस्तारात नाव नक्की होतं.

सासूबाई : ते दर विस्तारात नक्की असतं. निदान या खेपेला का गेलं ते तरी कळलं.

प्रतोद : आणि माझं? प्रतोदच मतदानाला बाहेर! साहेबांना कोणत्या तोंडानं सांगू?

सासूबाई : सांग, म्हाताऱ्या बाईला हात देत होतो. एक तरी पुण्य लागेल नावावर. जा आता, गर्दी व्हायच्या आत पुढे होऊन शिव्या खा. ताज्या असतात तेव्हा कमी लागतात.

जावई : आई! झालं! दोन मतांनी! पाटबंधारेमंत्री अजून फेरमोजणी मागतायत, अध्यक्ष त्यांना खाली बसवतायत.

सासूबाई : बसतील. ओरडू नका असे, भिंतींना कान आहेत इथे.

जावई : तुमची जागा रिकामी दिसली वरून. तिनं पाहिलं. आता खाली येतेय. तुम्हाला भेटायचं म्हणते.

सासूबाई : भांडायला?

जावई : नाही हो. नुसती रडतेय.

सासूबाई : ...मग उभे काय राहिलात? जा, घेऊन या. आणि आधी तोंड धू म्हणावं तिला. मी आहे इथे.